क्रेनवरून दिसलेली टोपी

जिपारा स्टेशनासमोर उभी होती. तिला मी शेवटचं पाहिलं तेव्हा ती तीन वर्षांची होती, आता अठ्ठेचाळीस वर्षांची बाई. तरी ओळखायला क्षणही लागला नाही. एसेनकुलचंच नाक, आणि उभं राहायची तऱ्हाही बापाचीच, सगळा भार एका पायावर.

"सायरा-आपा ना तुम्ही?"

"मीच. अर्धा तास झाला वाट बघतेय. उशीर केलास."

"खिंडीत कोळशाचे ट्रक अडकले होते, आपा."

"ट्रक काय आजच अडकले? नेहमीच अडकतात. लवकर निघायचं."

असं माझं तोंड. उचलली जीभ लावली टाळ्याला. सत्तरी आली तरी सुधारले नाही. पोरगी बिचारी बिश्केकहून पहाटे निघालेली, वाटेत कोचकोरहून आईला घेऊन आलेली, आणि मी तिला पाणी विचारायच्या आधी टोचून बोलले.

"आई कुठाय?" मी विचारलं.

"धक्क्याच्या टोकाला, गाडीत. तिला तिथे सोडून मी चालत आले. म्हणाली, मला जरा एकटीला बसू दे, आणि तू सायराबरोबर पायी ये. तुझा बाप ज्या वाटेनं कामाला जायचा ती वाट ती तुला दाखवेल."

शारिपा-एजे, म्हणजे आमची शारिपाताई, जिपाराची आई, पंचेचाळीस वर्षांनी इसिक-कुल सरोवराचं पाणी बघत होती. नवऱ्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं तशी ती पोरीला घेऊन माहेरी कोचकोरला गेली, ती या बाजूला फिरकलीच नाही. कोचकोर काही लांब नाही हो, दीड तासाची वाट. पण नाही आली. आणि मीही तिच्याकडे गेले नाही. तिचं कारण वेगळं होतं, माझं वेगळं.

माझं कारण आधीच सांगून टाकते. एसेनकुलला शोधायला निघणारी दुसरी बोट माझ्यामुळे थांबली. हे शारिपाला माहीत नाही. जगात दोघांनाच माहीत होतं, त्यातला एक मेला. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी माझ्या छातीत जाळी बसवली, तेव्हापासून मला झोप नाही. आमच्यात माणूस जायच्या आधी जवळच्यांना विचारून घेतो, माझ्यावर राजी आहेस ना? समोरचा म्हणतो, राजी आहे. म्हणजे तुझ्यावर माझं काही राहिलं नाही. शारिपाकडून ते ऐकल्याशिवाय मला डोळे मिटायचे नव्हते. स्टेशन ते धक्क्याचं टोक दोन किलोमीटर. तेवढ्यात मनाची तयारी करायची आणि जाऊन तिच्या पाया पडायचं, असं मी ठरवून आले होते.

"चल," मी म्हटलं. "रुळांच्या कडेनं. खाली बघून चाल, लोकांनी फळ्या काढून नेल्यात."

आमच्या वस्तीला प्रिस्तान म्हणतात, म्हणजे बंदरच. रूळ स्टेशनातून निघून थेट धक्क्यापर्यंत जात होते. डबे यायचे, आम्ही ते क्रेननं उपसायचो, माल जहाजात चढायचा आणि सरोवराच्या पलीकडच्या टोकाला जायचा. आता रुळांमध्ये कोणीतरी बटाटे लावलेत. डावीकडे लोकर धुवायचा कारखाना होता, त्याच्या तीन भिंती राहिल्यात. त्यातल्या बायकांचे हात लोकरीच्या तेलानं इतके मऊ असायचे की आम्ही क्रेनवाल्या जळायचो. आमच्या तळव्यांना हे घट्टे.

"बाबा इथूनच जायचे?"

"इथूनच. सातला. उजव्या खिशात कुर्तच्या, सुकवलेल्या दह्याच्या, गोळ्या, एक गालात. बोलताना ती गोळी इकडून तिकडे फिरायची. मी म्हणायचे, एसेनकुल, आधी ते दही गीळ, मग बोल."

जिपारा हसली. मग म्हणाली, "मला त्यांचं काहीच आठवत नाही, आपा. आई सांगते तेवढंच. म्हणून चालत यायचं होतं."

माझ्या पोटात जे होतं ते तिच्या बापाबद्दलचंच होतं, पण ते काही आठवण म्हणून द्यायचं नव्हतं. मी पुढे चालू लागले.

माशांच्या कारखान्याच्या फाटकात बुरमा नेहमीसारखी बसली होती, समोर दोरीला धुरावलेले मासे. मला बघून ओरडली, "सायरा-एजे, पाहुणीला मासा घे की! सरोवरातला आहे!"

"सरोवरातला? मेले, तुझा मासा बर्फाच्या पेटीत बसून विमानानं आलाय. त्यानं सरोवर बघितलंसुद्धा नाही."

"मग तू दाखव त्याला, विकत घेऊन!"

"लाज नाही तुला."

"लाज विकून तर मासे आणले," ती म्हणाली आणि एक मासा कागदात गुंडाळून जिपाराच्या हातात कोंबला, पैसे न घेता. तशी मनानं बरी आहे ती. तिच्या मागे कारखान्याच्या दालनात बकऱ्या बांधल्या होत्या. तिथे चारशे बायका मासे चिरायच्या. वाऱ्याची दिशा बदलली की सगळ्या गावाला वास. बाहेरचे लोक नाक धरायचे, आम्हाला वास यायचाच नाही. आता कधीकधी मी इथे उभी राहून हुंगते. काही नाही, बकऱ्या.

फाटक ओलांडल्यावर जिपारानं विचारलं. मला माहीत होतं ती विचारणार.

"आपा, आई म्हणते त्या दिवशी सुयुंचू मागायला तुम्हीच आला होतात."

चांगली बातमी जो आधी आणतो त्याला सुयुंचू मिळते. घरात असेल ती चांगली वस्तू बातमी ऐकणारा हसत काढून देतो. त्यामुळे पहिलं पोचायला सगळे धावतात. माणूस सैन्यातून परतला, मुलगा झाला, कोणी बुडता वाचला, की गल्लीत शर्यतच लागते.

"हो, मीच," मी म्हटलं. "आणि बातमी खोटी निघाली. हेही सांगितलं असेल तिनं."

"सांगितलं. टोपीचं काहीतरी म्हणते, पण नीट सांगत नाही."

मग मी तिला टोपीचं सांगितलं. हे अख्ख्या प्रिस्तानला माहीत होतं, त्यामुळे जीभ अडली नाही.

एकोणऐंशीचा नोव्हेंबर. दुपारी उलान सुटला, आमचा पश्चिमेचा वारा. हा खिंडीतून येतो आणि माणसाला उभं राहू देत नाही. कोळशाचा एक बार्ज दोर तोडून पाण्यात निघाला. त्याला आणायला एक लाँच गेली, तीन माणसं. मित्या, असानाली आणि एसेनकुल. लाँच उलटली. मग टग गेला, आमची ओढबोट. मी क्रेनच्या केबिनमध्ये, सगळ्यांपेक्षा उंच. धक्क्यावरच्यांना लाटांपलीकडचं काही दिसत नव्हतं, सगळे मान वर करून मलाच विचारत होते, काय दिसतंय, काय दिसतंय? तासाभरानं टग वळताना दिसला. डेकवर घोंगड्या पांघरलेले दोघं बसलेले, आणि दोराजवळ तिसरा उभा, डोक्यावर पांढरी टोपी.

ती टोपी कोण ओळखणार नाही? शारिपानं स्वतः नमदा कापून शिवलेली, कडेला निळं भरतकाम. बंदरात तसा काल्पाक दुसऱ्याचा नव्हता. आणि आमचा माणूस दुसऱ्याचा काल्पाक कधी डोक्यावर ठेवत नाही. स्वतःचा कोणाला देतही नाही. काल्पाक म्हणजे माणसाचं डोकंच. तेव्हा टोपी दिसली म्हणजे एसेनकुल दिसला. यात शंका कसली घ्यायची?

"आणि ते बाबा नव्हते."

"टगवरचा खलाशी होता. टोपी पाण्यावर तरंगत होती, त्यानं आकडीनं काढून घेतली. खाली ठेवायची कशी? काल्पाक जमिनीवर ठेवत नाहीत, पायाशी टाकत नाहीत. पोराचे दोन्ही हात दोरात अडकलेले. त्यानं मान राखायला डोक्यावर ठेवली. पुढे तो आयुष्यभर रडला बिचारा."

"त्यात त्याची काय चूक?"

"काहीच नाही."

"तुमची तरी काय चूक, आपा?" जिपारा म्हणाली आणि माझा हात हातात घेतला. "आईसुद्धा हेच म्हणते."

त्या क्षणी मला इतकं वाईट वाटलं की हात झटकून टाकावासा वाटला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आम्ही जहाजदुरुस्तीच्या उताराशी आलो होतो. तिथे एक बोट अजून आडवी पडलेली आहे, तिला कोणीतरी गुलाबी रंग देऊन उपाहारगृह काढलं, तेही बंद पडलं. काठानं काटेरी झुडपं वाढलीत, आंबट नारिंगी बोरांनी लगडलेली. जिपारानं दोन तोडून तोंडात टाकली, डोळे मिचकावले. मी तिच्याकडे बघत होते आणि मनाशी म्हणत होते, आता बोल, म्हातारे, पुढे धक्काच आहे.

धक्क्याच्या सुरुवातीला चार सिमेंटचे चौथरे आहेत. माझी क्रेन त्यावर होती. तीस वर्षांपूर्वी ती तुकडे करून भंगारात नेली, मी बघायला गेले नाही. एका चौथऱ्यावर मी बसले. धक्क्याच्या टोकाला, तीनएकशे पावलांवर, पांढरी गाडी दिसत होती, दार उघडं.

"दमलात?"

"नाही. बस इथे. टोपीची अर्धी गोष्ट सांगितली मी तुला. अर्धी कोणालाच सांगितलेली नाही. बस म्हटलं ना!"

ती बसली.

"माझ्या केबिनमध्ये मनोऱ्यात वाजणारी घंटा होती," मी म्हटलं. "एक टोल म्हणजे उचला. दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे सगळं आटोपलं, सगळे आले. मनोऱ्यात गेन्नादी पेत्रोविच ड्यूटीवर होता. दुसरी बोट इंजिन सुरू करून धक्क्याला उभी होती, शोधायला निघायच्या बेतात. मी टोपी बघितली आणि तीन टोल दिले. मला कोणी सांगितलं नव्हतं. थांबून नीट बघायला हवं होतं, टगवर त्यांचा खलाशी असतोच हे मला माहीत होतं, डोकी मोजायला हवी होती. पण मला खाली उतरायची घाई झाली होती. कोणाच्या आधी तरी शारिपाकडे पोचायचं होतं. मी बंदरात सगळ्यात उंचावर बसणारी बाई, आणि बातमी दुसरं कोणी घेऊन जाणार? माझ्या तीन टोलांवर गेन्नादीनं शोधाचा बावटा खाली घेतला, दुसऱ्या बोटीनं इंजिन बंद केलं. तेवढ्यात मी शिडी उतरून पळत सुटले होते."

मी थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते, म्हणून बोलत राहिले.

"टगला वाऱ्यानं धक्क्याला लागता येईना. त्याचा रेडिओ महिनाभर बंद. तो वळसा घालून लांबच्या आडोशाला गेला, घोंगडीतली दोघं अर्धमेली झालेली. टगवाल्यांना वाटलं, दुसरी बोट एसेनकुलला शोधतच असेल. इथे सगळ्यांना वाटलं, तिघं आले. टगवरचा माणूस काठाकाठानं धावत येऊन बोंबलला तेव्हा कळलं. मग बोट निघाली."

"मध्ये किती वेळ गेला?"

"सव्वा दोन तास."

"आणि बाबा?"

मी मान खाली घातली. "लाँचच्या एका झाकणावर सापडला. पट्ट्यानं स्वतःला बांधून घेतलं होतं. अंग ताठलं नव्हतं अजून. नर्स म्हणाली, अर्धाच तास झाला असेल."

पाण्यावर दोन बदकं होती. जिपारा त्यांच्याकडे बघत होती. हातातला मासा कागदासकट तिनं मांडीवर दाबून धरला होता, त्याचं तेल तिच्या कोटाला लागत होतं. मला ते सांगायचं धाडस झालं नाही.

"अहवालात काय लिहिलं?" तिनं विचारलं.

"वारा जास्त म्हणून बोट सोडता आली नाही. गेन्नादीनं लिहिलं. मला म्हणाला, सायरा, तीन टोल आपण दोघांनीच ऐकले असं समज, नाहीतर दोघं तुरुंगात जाऊ. मी गप्प बसले. भ्याले गं मी. चोवीस वर्षांची होते, पण ते काही कारण नाही. आता मला तुझ्या आईची माफी मागायचीय. राजी आहे, एवढं तिनं म्हणावं."

"नाही," जिपारा म्हणाली.

"काय नाही?"

"आईला सांगायचं नाही." ती उभी राहिली. आवाज चढला नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते. "तुम्हाला माहीत आहे, ती त्या दोन तासांबद्दल काय सांगते? तुम्ही गेल्यावर तिनं पीठ मळलं, बोर्सोक तळले, शेजारणींना वाटले. मला नवा फ्रॉक घातला. गाणं म्हणत होती. ती म्हणते, माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दोन तास ते. लग्नाच्या दिवसापेक्षाही. नवरा गेला आणि परत मिळाला, असं कोणाला मिळतं? खोटे होते तरी माझे होते, असं म्हणते. आणि तुम्ही तिला जाऊन सांगणार, की तू तळत होतीस तेव्हा तो तिकडे जिवंत होता?"

मला खरंच सुचलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षं मी माझंच बघत बसले. ती त्या दोन तासांचं काय करत असेल, हा विचार एकदाही मनाला शिवला नाही.

"तुम्हाला माफी हवीय, आपा," ती म्हणाली. "तुम्ही हलक्या व्हाल. तिला काय मिळणार?"

"मग मी काय करू?"

"मला काय माहीत! मला तरी कशाला सांगितलंत?" आता तिचा आवाज फुटला. "मी बाप चालायचा ती वाट बघायला आले होते. मी कोणाला सांगू आता हे?"

तिच्या तोंडाकडे बघवेना. माझ्या पोटातलं कमी झालं नाहीच, उलट तिच्याही पोटात तेवढंच गेलं. मी म्हटलं, "पोरी, माझं चुकलं." ती म्हणाली, "हो, चुकलं." आणि पुढे चालू लागली. मी मागून. तिनं पाठ वळवून मला तिथेच सोडलं असतं तर बरं झालं असतं, पण थोडं पुढे गेल्यावर फळी तुटलेली होती, तिथे ती थांबली आणि न बघता हात पुढे केला. मी धरला. पलीकडे गेल्यावर तिनं सोडला.

शारिपा-एजे गाडीच्या उघड्या दारात पाय बाहेर सोडून बसली होती. डोळ्यांवर जाड चष्मा, गुडघ्यांवर रग. मला बघून तोंडभर हसली. दात बरेच गेलेत.

"सायरा! म्हातारी झालीस की गं!"

"तू काय नवरीसारखी राहिलीस?"

"मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, मला शोभतं." तिनं मला ओढून घेतलं, दोन्ही गालांचे मुके घेतले. तिच्या अंगाला तुपाचा आणि औषधांचा वास होता. मला रडू फुटलं. ती पाठ थोपटत राहिली. "रडू नकोस. पुरे. मीही रडून घेतलंय आत्ताच, तुम्ही येईपर्यंत."

"एजे, मला तुला एक..."

"थांब, आधी माझं. मी मोठी आहे. एवढी वाट तुडवून मी कशाला आले? पाणी बघायला? पाणी काय, आमच्याकडेही आहे. तुझ्यासाठी आले. लोकांनी तुला फार बोल लावले तेव्हा. खोटी सुयुंचू घेतली म्हणाले. मी सुयुंचू म्हणून दिलेली शाल तू परत द्यायला आलीस, तर माझ्या सासूनं तुला दारातूनच हाकललं. मी आत पडलेली होते, ऐकत होते, उठून बाहेर आले नाही. मला यायला हवं होतं. ते मला इतकी वर्षं लागलंय. तू माझ्यावर राजी आहेस ना, सायरा?"

जिपारा गाडीच्या टपावर हात ठेवून उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत रागही होता आणि विनवणीही.

"राजी आहे, एजे," मी म्हटलं.

"झालं तर मग. मीही राजी आहे. तुझ्यावर तर कधी काही नव्हतंच. हात वर कर, बाता देते तुला, आशीर्वाद. जिपारा, तूसुद्धा कर गं."

एजेनं दोन्ही तळवे उघडून छातीपाशी धरले. आम्हीही धरले. तिनं डोळे मिटले आणि मोठ्यानं, सावकाश म्हणाली, "जिनं माझ्या दारात आनंद आणला तिच्या दारात आनंद राहो. तिचं म्हातारपण सोपं जावो. आणि तिच्या तोंडून पुन्हा कधी कोणाला वाईट बातमी ऐकावी न लागो. ओमिन."

"ओमिन," मी म्हटलं आणि हात तोंडावरून फिरवले.

जिपारानं आधी माझ्याकडे बघितलं. मग तीही म्हणाली, "ओमिन."